अलिबाग ते फोर्ट : परतीच्या बोटीपासून मांडलेला हिशेब

मांडव्याच्या धक्क्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. त्यामुळे अलिबागकराला मुंबई कधी लांब वाटतच नाही. एसटीत बसून पेण, पनवेल, वाशी करत निघालं, की मग कळतं लांब म्हणजे काय ते. मधे मुंबई बंदराचं पाणी आणि धरमतरची खाडी आहे. जमिनीवरून जायचं तर त्या सगळ्याला वळसा घालावा लागतो, आणि समुद्रातून विसेक किलोमीटरच्या आत असलेलं शहर रस्त्याने शंभरच्या घरात जातं.

माझ्या मावसबहिणीला फोर्टातल्या एका हिशेबतपासणीच्या कार्यालयात नोकरी लागली, तेव्हा हा वळसा आमच्या घरचा प्रश्न झाला. ती राहते अलिबागला, चेंढऱ्याच्या बाजूला. नवरा तिथल्याच शाळेत शिक्षक, मुलगी तेव्हा नववीत, घरात सासूबाई. घर हलवणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. कार्यालयाची अट आठवड्यातले तीन दिवस हजर राहण्याची होती. उरलेले दोन दिवस काम घरून चालणार होतं. तीन दिवस कोणते, ते साहेबांशी बोलून ठरवायचं होतं. त्या वेळी या शेवटच्या वाक्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. पुढे अर्धं उत्तर त्यातच निघालं.

तिच्या स्वतःच्या अटी दोनच होत्या. महिन्याचा प्रवासखर्च आठ हजारांच्या वर जायला नको, आणि रात्री नऊच्या आत घरी. दुसरी अट सासूबाईंची असेल असं मला वाटलं होतं. ती मुलीच्या अभ्यासाची निघाली.

"दादा, सकाळी कितीही लवकर निघेन मी," ती म्हणाली. "आई डबा करतात, त्याची काळजी नाही. पण संध्याकाळी घर माझ्याशिवाय चालत नाही."

मी कागद घेऊन हिशेब सुरू केला तो सकाळच्या गाडीपासून. कोणती गाडी किती वाजता, कुठे किती वेळ, सगळे असंच बसतात. तिने कागद उलटा केला आणि खालून वर लिहायला घेतला : नऊला घर, सव्वाआठला मांडवा, त्याआधी मुंबईत गेटवेचा धक्का, त्याआधी कार्यालयातून बाहेर. ते पाहिल्यावर पर्यायांचा क्रमच बदलला. सकाळी एक गाडी चुकली तर माणूस उशिरा पोचतो. संध्याकाळी शेवटची बोट चुकली तर पोचतच नाही, शंभर किलोमीटर वळसा घालून मध्यरात्री उतरतो.

बोट

गेटवे ते मांडवा कॅटामरान, म्हणजे वेगवान प्रवासी बोट, चालते. पीएनपी, मालदार आणि अजंठा ही त्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. पाण्यावरचा वेळ पाऊण तास ते तास. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे पैसे धरलेले असतात. ही सोय बाहेरच्यांना किरकोळ वाटते, पण रोजच्या माणसाला तीच मोठी. मांडव्याला उतरून मिनिडोरवाल्याशी (तीनचाकी रिक्षावाल्याशी) घासाघीस करावी लागत नाही. बस झिराड, चोंढी, थळच्या बाजूने येते आणि अर्ध्या-पाऊण तासात अलिबागला सोडते. मुंबईच्या टोकाला तर आणखी चांगलं : गेटवेहून फोर्ट चालत पंधरा-वीस मिनिटं. टॅक्सी नको, लोकल नको.

घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत सव्वादोन ते अडीच तास लागतात. एका बाजूचं तिकीट दोनशेच्या वर जातं. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला तेरा दिवसांचे जाऊन-येऊन सहा हजारांच्या आसपास होतात, म्हणजे तिच्या मर्यादेत. पाचही दिवस जायचं असतं तर नऊ-दहा हजार झाले असते आणि बोट कागदावरच बाद झाली असती.

अडचणी तीन. पहिली पावसाळ्याची. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत गेटवे–मांडवा प्रवासी वाहतूक बंद असते. ही तीन महिन्यांची सुट्टी दरवर्षीची, ठरलेली. एखाद्या वर्षी चार दिवस पुढे-मागे. दुसरी वाऱ्याची. हंगामातही एखाद्या दिवशी समुद्र खवळला की फेरी रद्द होते, आणि ते धक्क्यावर गेल्यावरच कळतं. तिसरी शेवटच्या बोटीची. बँक असो की हिशेबतपासणी, मार्चअखेर आणि सप्टेंबर ही कामं साडेपाचला संपत नाहीत.

तिसऱ्या अडचणीवर तिने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. रुजू होण्याआधीच तिने साहेबांना स्पष्ट सांगितलं की हजेरीच्या दिवशी मी सकाळी लवकर येईन आणि ठरल्या वेळेला उठेन, उरलेलं काम रात्री घरून करीन. लेखी घेतलं. नोकरी लागल्यावर मागितलेली सवलत आणि लागण्याआधी घातलेली अट यांत फरक असतो. बोटीचं वेळापत्रक ही बोट कंपनीने बदलायची गोष्ट नव्हे, कार्यालयाने मान्य करायची गोष्ट होती.

एसटी आणि लोकल

हा जुना, खात्रीचा मार्ग. अलिबाग आगारातून पनवेलला विनाथांबा गाड्या सुटतात. कार्लेखिंड, तिनविरा, पेझारी, पोयनाड, धरमतरचा पूल, वडखळ, पेण. साधारण पासष्ट किलोमीटर. वाटेत काही नसेल तर पावणेदोन तास, पण वाटेत काही ना काही असतंच. पनवेलहून हार्बरची लोकल सीएसएमटीला एक तास वीस मिनिटं घेते. अदलाबदल आणि दोन्हीकडचं चालणं धरून दारापासून दारापर्यंत पावणेचार तास. जाऊन-येऊन साडेसात. कार्यालयात माणूस जेवढा बसतो तेवढाच प्रवासात.

खर्चाला मात्र तोड नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध तिकीट आहे. तेरा दिवसांचा एसटीचा खर्च दीड हजारांच्या आसपास आणि लोकलचा पास वेगळा, तोही शेकड्यांतलाच. तिचा नवरा एसटीच्या मासिक पासाचं म्हणत होता. त्या पासाला वीस दिवसांचं भाडं भरून महिनाभर प्रवास करता येतो. पण अर्ध्या तिकिटाने महिन्यात बावीस दिवस जाऊन-येऊन केलं तरी भाडं भरतं अकरा दिवसांचं. पास पुरुषांनी काढावा.

एक गंमत सांगायला हवी. अलिबाग रायगड जिल्ह्याचं मुख्यालय. सकाळी पेण-पनवेलकडून अलिबागला येणाऱ्या गाड्या जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय इथल्या माणसांनी भरलेल्या असतात. ही उलट्या दिशेने जाणार, म्हणजे सकाळी बसायला जागा आणि संध्याकाळीही परतताना त्यांच्या उलट. एवढा फायदा या मार्गाने दिला.

पण रस्ता? पनवेल ते इंदापूर हे मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या त्या कामावर कोकणातल्या माणसाने जेवढं आयुष्य घालवलं, त्याबद्दल वेगळं लिहायला नको. आणि वडखळला महामार्ग सोडला की पुढे अलिबागपर्यंतचा रस्ता आणखी अरुंद. गणपतीत त्या पट्ट्याचं काय होतं ते पेणकराला विचारावं.

गाडी आणि अटल सेतू

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि अलिबागमध्ये प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच वाक्य : आता मुंबई जवळ आली. शिवडी ते चिर्ले २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा समुद्रावर. तो ज्यांच्यासाठी आहे त्यांना खरोखर जवळ आली. उलव्याला आली, पनवेलला आली, पुण्याला आली. अलिबागहून निघालेल्या माणसाला मात्र चिर्लेपर्यंत पोचायलाच पेण आणि पुढचा महामार्ग पार करावा लागतो. त्याचा वेळ जिथे जातो तो तुकडा पुलाच्या अलीकडेच आहे. पूल वाशी-मानखुर्दची गर्दी टाळतो आणि शिवडीहून पूर्व मुक्त मार्गाने थेट फोर्टाजवळ सोडतो, हे मान्य. वडखळ टाळत नाही.

पैशांचं तर बघायलाच नको. मोटारीला एकेरी २५० रुपये, परतीसह ३७५. महिन्याचा पास १२,५०० चा, म्हणजे पन्नास एकेरी फेऱ्यांच्या भावाने. महिन्यात बावीस दिवस गेलात आणि रोज परतीचं तिकीट घेतलंत तरी ८,२५० होतात. मग पास कुणासाठी ठेवलाय देव जाणे. दिवसातून दोन-दोन खेपा करणाऱ्यांसाठी असावा. वर दोनशे किलोमीटरचं पेट्रोल, तेराएक लिटर, आणि फोर्टात गाडी लावायची जागा. दिवसाला अठराशेच्या पुढे. तेरा दिवसांत तिची मर्यादा तिपटीने ओलांडली. शिवाय पहाटे आणि रात्री शंभर-शंभर किलोमीटर स्वतः चालवायचे. दुचाकीला सेतूवर बंदी आहे, त्यामुळे नवऱ्याची स्कूटर हा विषय आपोआप मिटला.

उरलेले दोन

रो-रो बोट भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येते. मार्च २०२० मध्ये सुरू झाली, टाळेबंदीत लगेच थांबली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा चालू झाली. मोठं जहाज आहे, गाड्या पोटात घेऊन येतं, आणि पावसाळ्यातही हवामान पाहून चालतं. तिची किंमत या शेवटच्या गोष्टीत आहे. फेऱ्या कमी, तिकीट कॅटामरानपेक्षा महाग, आणि भाऊचा धक्का फोर्टाला चालत जाण्याइतका जवळ नाही. टॅक्सी किंवा बेस्टची बस बघावी लागते, नाहीतर डॉकयार्ड रोड स्टेशन गाठायचं. मांडव्याच्या बाजूलाही अलिबागपर्यंतची सोय स्वतःची.

दुसरा मार्ग सासूबाईंनी सुचवला. त्यांचं माहेर उरणचं. अलिबागहून रेवस, रेवसहून लाँचने खाडी ओलांडून करंजा, तिथून रिक्षाने उरण स्टेशन, मग लोकल. उरणपर्यंत लोकल आली तीही १२ जानेवारी २०२४ लाच, सेतूच्या गाजावाजात ती बातमी दबली. "आम्ही असंच यायचो-जायचो की," त्या म्हणाल्या. बरोबर आहे, पण त्या लग्नकार्याला जात होत्या, हजेरीला नाही. या मार्गाने वाहनं चार-पाच बदलतात, उरणच्या गाड्या कमी, आणि बेलापूर किंवा नेरूळला हार्बर पुन्हा पकडायची. आम्ही दोघं एकदा गेलो. प्रवास छान झाला, आणि फोर्टला पोचेपर्यंत चार तास गेले. अडीअडचणीला ठेवला.

दिवस कोणते

सगळं मांडून झाल्यावर उत्तर सरळ दिसत होतं : सप्टेंबर ते मे बोट, पावसाळ्यात दुसरं काहीतरी. पण तिने पहिले काही आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस घेतले, एकाआड एक विश्रांती म्हणून. ते फसलं.

कारण अलिबाग हे नुसतं गाव नाही, मुंबईचं शनिवार-रविवारचं अंगण आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोर्टातून सुटलेली अर्धी मुंबई पाठीला पिशवी लावून गेटवेवर उभी असते, नेमकी तिच्याच बोटीला. रांग लांबते, एक बोट हातची जाते. मांडव्याला उतरलं की चोंढीपर्यंत बंगल्यांवर निघालेल्या गाड्यांची रीघ, त्यात बस अडकलेली. सोमवारी सकाळी तीच मंडळी मांडव्याहून परत निघतात, पुन्हा तिच्याच बोटीने. रोजच्या प्रवाशाची दिशा आणि सहलीची दिशा आठवड्यातून फक्त दोनदा जुळते, आणि तिने नेमके तेच दोन दिवस निवडले होते.

साहेबांशी बोलून तिने मंगळवार, बुधवार, गुरुवार करून घेतलं. सलग तीन दिवस अंगावर येतात हे खरं, पण रांग नाही, रस्ता मोकळा आणि घरी येण्याची वेळ नऊच्या बरीच अलीकडे. वाहन तेच, तिकीट तेच; बदलले फक्त वार. वाहतुकीच्या कुठल्याही सुधारणेने तिला इतका वेळ वाचवून दिला नसता.

पावसाळा

जूनचं कोडं यानेच हलकं झालं. तीन दिवस सलग असल्यामुळे मधल्या दोन रात्री मुंबईत काढता येतात. चुनाभट्टीला आमची आत्या राहते, हार्बरवरच. मंगळवारी पहाटे एसटीने पनवेल, तिथून लोकलने फोर्ट. दोन रात्री आत्याकडे. गुरुवारी संध्याकाळी परत. म्हणजे आठवड्यात साडेसात तासांची एकच फेरी. गुरुवारी समुद्र बरा असेल आणि रो-रोची वेळ जुळत असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडवा, आणि तिथे नवरा स्कूटर घेऊन. नसेल तर पुन्हा पनवेल. गुरुवारी पनवेलमार्गे नऊची अट मोडते. आठवड्यातून एकदा मोडलेली चालेल असं मुलीनेच जाहीर केलं. दोन रात्री आई नाही याचा तिला झालेला आनंद लपत नव्हता.

आत्याचं घर नसतं तर? तर मी तीन महिन्यांसाठी हार्बर मार्गावर महिलांच्या वसतिगृहात खाट बघायला सांगितलं असतं. सहा हजारांचं बोटीचं तिकीट त्या महिन्यांत वाचतंच, ते तिकडे वळवायचं. पावसाळ्यात रोज जाऊन-येऊन करायचा हट्ट मात्र मी कुणालाच करू देणार नाही. वडखळच्या पाण्यात आणि खड्ड्यांत अडकलेली एसटी, त्यात पनवेलला चुकलेली लोकल, याचा हिशेब कागदावर येत नाही.

याच गावातून दुसऱ्याला

हे उत्तर फोर्टासाठीचं आहे. तिच्याच शेजारणीची नोकरी बेलापूरला आहे. तिने बोटीचा विचारसुद्धा करू नये : गेटवेला उतरून पुन्हा उलट नवी मुंबईकडे यायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम. तिला एसटीने पनवेल आणि तिथून जेमतेम काही स्टेशनं. तिथे सेतूही नको आणि समुद्रही नको.

बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाणाऱ्यासाठी चित्र नुकतंच बदललं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गेटवेहून हुतात्मा चौक किंवा चर्चगेटचं भुयारी स्टेशन गाठलं की बीकेसी थेट, दादर-कुर्ल्याची धक्काबुक्की न करता. बोटीनंतर पाऊणएक तास धरावा. आठवड्याला दोन दिवस जाणाऱ्याला जमेल, पाच दिवसवाल्याला नाही.

आणि अजून घर घ्यायचं असेल, भाड्याने का होईना, तर अलिबाग शहराऐवजी झिराड-चोंढीच्या बाजूला बघावं. दर दिवशी दोन्हीकडून मिळून चाळीसेक मिनिटं तिथेच वाचतात. पण तिकडे जागांचे भाव बंगलेवाल्यांनी कुठे नेऊन ठेवलेत ते आधी विचारून घ्यावं, आणि मुलांची शाळा, दवाखाना अलिबागलाच आहे हेही.

लोक मला रेवस–करंजा पुलाचं विचारतात. बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, त्या पुलाचं नाव ऐकतोय. तो झाला की अलिबागहून उरण आणि पुढे अटल सेतू, पेण-वडखळ न लागता. त्या दिवशी वरचा सगळा हिशेब फाडून नव्याने करावा लागेल, आणि पावसाळ्यातली आत्याकडची मुक्कामाची पिशवी बहुधा जाईल. काम सुरू झालंय. पण पूल चालू होईल तेव्हाच तो कागदावर धरायचा. त्याच्या भरवशावर आज नोकरी घेऊ नये, आणि गाडी तर मुळीच घेऊ नये.

सध्या प्रश्न वेगळाच आला आहे. बहिणीला बढती देऊ केली आहे, आणि बढतीबरोबर चौथा हजेरीचा दिवस. सोमवार किंवा शुक्रवार. खर्च आठ हजारांच्या काठावर जातो, तो पगारवाढीत भागेल. मुलगी यंदा दहावीला. बहिणीने साहेबांना उलट विचारलंय, की चौथा दिवस महिन्यातून दोनदाच आणि तोही सोमवारी दुपारी बारापासून चालेल का. सकाळच्या परतीच्या गर्दीनंतरची बोट तिला रिकामी मिळते. साहेब म्हणालेत, विचार करतो.